कुंपणापलीकडच्या बाई

२५ ऑगस्ट

आले एकदाची! टेम्पोवाल्याने सामान उतरवून विचारलं, बाकीचं दुसऱ्या खेपेला का? म्हटलं, बाकीची म्हणजे मीच, आणि मी तर तुमच्या शेजारी बसून आले. तो हसला, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

घर लहानसं, पण नेटकं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्हींच्या मधे बोळ, बोळात भिंतीला टेलिफोन. चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना, वर झोपायची खोली. तिच्या एका खिडकीतून फाटक आणि रस्ता दिसतो, दुसरीतून मागची बाग.

बाग! साठाव्या वर्षी मला माती मिळाली. आजवर एक कुंडीसुद्धा नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आईचं अंथरूण आणि टेलिफोन एक्सचेंजमधली एकतीस वर्षं, यातच सगळं गेलं. आई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून "आलीस का गं?" असं विचारणारं कुणी उरलं नाही.

बाग तीस पावलं लांब. टोमॅटो दमलेत, घेवडा वेलावर वाळलाय, डेलिया अजून फुलतोय, वाफ्यांत गवत माजलंय. शेवटाला झाडांचं उंच, दाट कुंपण आहे. पलीकडचं काहीही दिसत नाही. तिकडेही कुणाचं तरी घर असेल. एक दिवस ओळख काढू.

२८ ऑगस्ट

रस्त्याच्या टोकाशी एक नर्सरी आहे. नर्सरीवाले सत्तरीचे, बोलायला कमी आणि हाताला चलाख. मी म्हटलं, मला ओ की ठो कळत नाही, सगळं पहिल्यापासून सांगा. त्यांनी खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहून दिलं: वाळलेले वेल काढा, वाफे मोकळे करा, कुजलेलं खत पसरा. डेलियाची फुलं संपली की कंद काढून कोरड्या जागी ठेवा. थंडीआधी लसूण लावा. नाजूक कुंड्या पहिल्या गारठ्याआधी घरात घ्या. पानगळ झाली की पाचोळा टाकू नका, वाफ्यांवर पांघरूण घाला.

पांघरूण हा शब्द मला फार आवडला. तिथेच एक कुंडीतलं लिंबाचं झाड घेतलं आणि लेकराला आणावं तसं कडेवर घेऊन आले. रात्री कंबर धरली, पण सुखाची धरली.

३ सप्टेंबर

आज शेजार भेटला!

दुपारी घेवड्याचे वेल मुळासकट उपटत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, अहो ताई, मुळं उपटू नका, वरून कापा. मुळं मातीत राहिली की जमीन सुधारते. मी दचकलेच. मग पुढे होऊन नमस्कार म्हटलं आणि मला इतकं कसं कळत नाही म्हणून स्वतःलाच हसले. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं पहिलं वर्ष असंच जातं.

पानांच्या दाटीत त्यांचं काही दिसलं नाही. त्यांनाही मी दिसत नसणार. मग घेवड्याचं त्यांना कसं कळलं? आवाजावरून असेल. मुळं उपटताना कर्रकन आवाज होतो.

अर्धा तास बोललो. कंबर दुखायची विसरली.

९ सप्टेंबर

रोज चार वाजता गप्पा. आता मी मुद्दामच कुंपणाजवळची कामं दुपारसाठी राखून ठेवते. आज टोमॅटो काढले. हिरवे राहिलेले कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, हळूहळू पिकतील, असं त्यांनी सांगितलं. झेंडूचं बी कसं काढायचं तेही सांगितलं.

त्या ऐकतात मात्र फार छान. आईबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, ते आज सगळं बोलले. शेवटच्या महिन्यात ती मला ओळखत नव्हती, तरी हाक ऐकली की मान वळवायची, हेसुद्धा. त्या मधेमधे एवढंच म्हणत होत्या, बोला, बोला ना.

एक गंमत. एकतीस वर्षं नुसते आवाज ऐकले. आवाजावरून मी माणसाचं वय सांगायचे, दात किती पडलेत ते सांगायचे, नवऱ्याशी भांडून फोन लावलाय का तेही. मैत्रिणी पैजा लावायच्या. पण या बाईंचं वय काही सांगता येत नाही. काल सत्तरीच्या वाटल्या, आज चाळिशीच्या.

१५ सप्टेंबर

ठकीचा फोन आला. माझ्या बहिणीची लेक. बहीण गेल्यापासून ती मला मावशी म्हणते खरी, पण म्हणण्याची तऱ्हा आई म्हटल्यासारखी. बाळाला घेऊन ऑक्टोबरात आठ दिवस येणार! बारा तारखेला, शनिवारी. बाळ सात महिन्यांचं झालं, मी अजून पाहिलेलंही नाही. फोन ठेवल्यावर बोळात उभी राहून एकटीच हसत होते.

शेजारीणबाईंना सांगितलं. त्यांना माझ्याइतकाच आनंद झाला. ठकी कशी बोलते, मला काय म्हणून हाक मारते, मी तिला काय म्हणते, सगळं विचारून घेतलं. बाळ बोलायला लागलं का, हेही दोनदा विचारलं. म्हटलं, अहो, सात महिन्यांचं पोर काय बोलणार? त्या म्हणाल्या, हो का. नवाकोरा आवाज.

घसा जरा बसलाय. हवा बदलते आहे.

२१ सप्टेंबर

पाचोळा सुरू झाला. सकाळी वाफ्यांवर पिवळा सडा असतो. खराट्याने झाडून झाडून गोळा करते आणि एका कोपऱ्यात ढीग लावते. लसणाच्या पाकळ्या लावून झाल्या, टोक वर, बोटभर खोल. कुंपणही विरळ व्हायला लागलंय.

घसा सुधारत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, घसा अगदी स्वच्छ आहे म्हणाले, बोलणं कमी करा. पण बोलणं कमी करून करू काय? दिवसात एकच तास तर बोलते.

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि मग तीच ऐकू येत राहिली. बाई बोलताना मधे श्वास घेत नाहीत. एक्सचेंजच्या हेडफोनमध्ये आधी श्वासच ऐकू यायचा, शब्द मागून. यांचं वाक्य कितीही लांब असो, सुरू होतं आणि संपतं. मधे काही नाही.

माझे कान म्हातारे झाले असतील.

२७ सप्टेंबर

डेलियाचे कंद काढले. माती झटकून, पोत्यावर वाळवून, खोक्यात कोरड्या भुशात ठेवले. कुंपणाजवळ काम चालू होतं तेव्हा बाईंनी हाक मारली. मग म्हणाल्या, आता गारठा येईल, पानं जातील, मग मला इथे राहवत नाही. थंडीभर कुणाशी बोलणं होत नाही.

त्यांचा आवाज इतका एकटा होता की मला माझाच ऐकल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मग या की इकडे. घर रिकामंच आहे. लाजू नका, आपलंच समजा."

त्या म्हणाल्या, "नक्की? तुम्ही बोलावताय?"

म्हटलं, बोलावतेय म्हणजे काय, याच. चहाला या, राहायला या. त्यांनी पुन्हा एकदा माझ्या तोंडून म्हणवून घेतलं. माणूस किती भिडस्त असावं!

२९ सप्टेंबर

आज गारठ्याची चाहूल. लिंबाची कुंडी आणि फुलझाडांच्या चार कुंड्या पुढच्या खोलीत आणल्या. खोली कशी भरल्यासारखी दिसते.

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चहाला आल्या नाहीत. आजारी तर नसतील? माझ्या आवाजाचं तर खरखरणारं भांडं झालंय, पण तरी कुंपणाशी जाऊन दोनतीनदा हाका मारल्या. उत्तर नाही.

१ ऑक्टोबर

रात्री वारा सुटला होता. सकाळी पाहते तर कुंपण जवळजवळ उघडं. बाईंचं घर दिसेल, निदान दार ठोठावून विचारता येईल, म्हणून फांद्या बाजूला करून आत शिरले.

पलीकडे घर नाही. कुंपणाला लागून, मधे वीतभरही जागा न सोडता, दगडी भिंत आहे. दोन मजले उंच. तिला खिडकी नाही, दार नाही, फट नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेले.

आणि कुंपणाच्या आत, रोज ज्या जागेसमोर मी काम करायचे तिथे, फांद्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या आहेत. साली घासून गुळगुळीत झाल्यात. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथे टेकून उभं राहावं, तशा. एका माणसाएवढी जागा आहे. जमिनीवर मात्र पावलांची खूण नाही, तिथे गवतही दबलेलं नाही.

घरात आले. दार लावलं. हात धुतले, पुन्हा धुतले.

२ ऑक्टोबर

नर्सरीत गेले. माझा आवाज आता कुजबुजीएवढाच निघतो. नर्सरीवाल्यांना विचारलं, माझ्या बागेमागे काय आहे? ते म्हणाले, बंद पडलेलं गोदाम, वीस वर्षं तरी झाली. मग माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, तुमचाही घसा बसला वाटतं.

मी विचारलं, आणखी कुणाचा बसला होता?

माझ्याआधी त्या घरात एक शिंपी राहायचा. एकटाच. बोलका माणूस, रोप घ्यायला यायचा आणि तासभर बसायचा. पानगळीच्या सुमाराला त्याचा आवाज गेला. शेवटी शेवटी चिठ्ठीवर लिहून आणायचा, एवढी द्या, तेवढी द्या. मग त्याचा भाऊ राहायला आला. शिंप्यानेच फोन करून बोलावलं, असं भाऊ नर्सरीवाल्यांना सांगत होता. त्यानंतर दोघंही दिसले नाहीत. घर सोडून गेले असतील, लोक म्हणाले.

मी म्हटलं, आवाज नव्हता तर फोन कसा केला?

नर्सरीवाल्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, हे कधी डोक्यातच आलं नाही.

४ ऑक्टोबर

ती घरात आहे.

सकाळी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीतून, कुंड्यांच्या मधून, अगदी सहज आवाज आला, "अगं, लिंबाला पाणी कमी घाल आता."

अहो नाही. अगं.

जाऊन पाहिलं. खोलीत कुंड्या, दोन खुर्च्या, आईचं कपाट. कपाट उघडलं. माझे कपडे. मी उभी होते तिथे, माझ्या कानाशी, ती म्हणाली, बस ना, उभी का?

तो आवाज सत्तरीचा नव्हता आणि चाळिशीचाही नव्हता. साठ वर्षांचा. दाढा दोन पडलेल्या. एकतीस वर्षं "नंबर सांगा" म्हणून घासलेला.

५ ऑक्टोबर

सगळ्या कुंड्या बाहेर ओढून काढल्या. लिंबाचं झाड गारठ्यात ठेवताना रडू आलं, पण ठेवलं. काही फरक नाही.

तिला जा म्हणायला हवं. मीच या म्हटलं होतं, तोंडाने. तोंडानेच जा म्हणायला हवं. आरशासमोर उभी राहून जीव खाऊन प्रयत्न केला. ओठ हलतात. शिरा ताणतात. बाहेर काही येत नाही, कुजबुजसुद्धा नाही.

कागदावर मोठ्या अक्षरांत जा असं लिहून पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलं.

ती हसली. माझंच हसणं. टेम्पोवाल्याबरोबर हसले होते तसं.

७ ऑक्टोबर

फोन वाजला तेव्हा मी वर होते. जिना उतरेपर्यंत वाजायचा थांबला आणि बोळातून माझा आवाज ऐकू आला. अगं ठके, तू होय! घसा कसला, ठणठणीत आहे मी. बाळाचं पांघरूण आणू नकोस, इथे भरपूर आहेत. बारा कशाला, लवकरच ये ना. करमत नाही गं.

बोळात कुणी नव्हतं. रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. मी धावत जाऊन उचलला. ठकी म्हणत होती, बरं मावशी, ठेवते, बाळ रडतंय. मी रिसीव्हर तोंडाशी धरून नुसती—

फोन कट झाला.

करमत नाही, हे मी ठकीला आजवर कधी बोलले नव्हते. तिला काळजी नको म्हणून. ते फक्त कुंपणाला सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर

चिठ्ठी लिहून नर्सरीत नेली. "माझ्या भाचीला फोन करून सांगा, मावशी म्हणते येऊ नकोस. मी बोलू शकत नाही." खाली नंबर. त्यांनी ताबडतोब लावला. मी त्यांचा चेहरा पाहत उभी होते. आधी गंभीर, मग गोंधळलेला, मग ओशाळा.

फोन ठेवून म्हणाले, ताई, ती म्हणते आत्ताच दहा मिनिटांपूर्वी मावशीशी बोलणं झालं. मावशीने सांगून ठेवलं होतं, नर्सरीवाले जरा भ्रमिष्ट आहेत, काहीबाही फोन करतील, मनावर घेऊ नकोस.

मी पुन्हा लिहायला पेन्सिल मागितली. त्यांनी दिली, पण नजर चुकवली. उद्यापासून दुकान बंद, म्हणाले, थंडीभर मुलीकडे जातो. तुम्ही डॉक्टरांना दाखवा.

येताना पोस्टात तातडीचं पत्र टाकलं. चार दिवस लागतात म्हणे.

९ ऑक्टोबर

मी जाऊ शकते. स्टँड दहा मिनिटांवर आहे. सकाळी पिशवी भरली होती.

पण ठकीकडे पोचायला दोन दिवस, वाटेतच चुकामूक व्हायची, आणि मी गेले तर ठकी रिकाम्या घरी येईल. फाटकाशी उभी राहून हाक मारेल. आणि आतून मावशी ओ देईल.

पिशवी रिकामी केली. शनिवारी पहाटेपासून फाटकात बसेन. ती गाडीतून उतरायच्या आत तिला दोन्ही हातांनी मागे ढकलेन. मावशी वेडी झाली म्हणेल. म्हणू दे. पुन्हा तोंड पाहणार नाही म्हणेल. म्हणू दे.

बाळाला लांबून पाहीन.

१० ऑक्टोबर

दम लागतो. आज जिना चढताना तीनदा बसले. चौदा पायऱ्या. श्वास अर्ध्यावर येतो आणि— घेतला कुणीतरी.

खाली ती गाणं गुणगुणते आहे. आई आजारी असताना मी गुणगुणायचे ते. दोन ओळींच्या मधे आज पहिल्यांदा

ती श्वास घेते.

११ ऑक्टोबर

अंथरुणातून उठले, जिन्यापर्यंत गेले, तिथेच पडले. पाय चालतात. छातीत हवा नाही. सरपटत परत खिडकीशी. उद्या फाटकापर्यंत कशी— बसत बसत जाईन. रात्रीच निघेन. रात्रभर लागला तरी—

दुपार

गाडी थांबली.

आज शुक्रवार आहे. आज का? लवकर ये म्हणाली होती ती. लवकर—

ठकीच आहे. बाळ खांद्यावर. निळी टोपी.

खिडकी ओलीने फुगून बसली आहे, उघडत नाही. काच वाजवली. ठकीने वर पाहिलं. हसली. बाळाचा हात धरून मला हलवून दाखवला.

खालून दार उघडल्याचा आवाज. ये गं ठके, ये, दार उघडंच आहे, मावशी वर पडून आहे जरा, आधी बाळाला दे इकडे— 

फाटक उघडलं तिने.

हे पान फाडून काचेला लावते. मोठ्या अक्षरांत.

ठकी आत येऊ नकोस

खाली बोलते आहे ती मी ना